सहा मात्रांची खोली

"थांबवा, बाई."

मी कळ दाबली. साठ वाद्यं एकदम गप्प झाली.

शामराव वायदंडे मास्तर माझ्या घराच्या मागच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते. अंगात बँडचा लाल कोट, पितळेची सगळी बटणं लावलेली. वय एकाहत्तर. स्वतःचं गाणं पहिल्यांदा ऐकायचं म्हणून ते गणवेशात आले होते.

"आवडलं नाही का?" मी विचारलं.

"आवडायचं मागनं बघू. ही मानसं एका जागी बसल्याली न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हंजी ह्ये फिडलवाले नाटकाच्या थेटरात बसल्यात. ट्रंपेटवाले देवळाच्या गाभाऱ्यात. आन् ड्रमवाला कुठं हाय ठावं हाय का? त्यो न्हाणीत बसून बडवतोय."

दारात उभी असलेली त्यांची नात रेश्मा फिस्सकन हसली.

"हसू नगं. खोटं असंल तर बाई सांगतील."

खोटं नव्हतं. त्या खोलीत ना फिडल होतं ना ट्रंपेट. होता एक संगणक, दोन चांगले स्पीकर आणि माझी आठ वर्षांची हौस. मी तासगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. एम.एस्सी.ला ध्वनिशास्त्र घेतलं होतं. संध्याकाळी मी विकत आणलेल्या सुट्या सुरांमधून वाद्यवृंद उभे करायचे. एकेका वाद्याचा एकेक सूर कोणीतरी वाजवून, ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो. आपण ते सूर कागदावरच्या क्रमाने मांडायचे. पण असे सूर कोरडे असतात. त्यांना भिंती आणि छप्पर द्यावं लागतं, तेव्हा ते घुमतात. त्यासाठी तयार खोल्या मिळतात, प्रीसेट म्हणतात त्यांना. यादीतून नाव निवडायचं: छोटं दालन, लाकडी सभागृह, दगडी चर्च. मी प्रत्येक वाद्याला त्याला सर्वांत शोभेल ती खोली दिली होती. सुटं सुटं ऐकलं तर प्रत्येक वाद्य सुंदर होतं.

रेश्मा माझ्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात होती. प्रयोगशाळेत अनुनाद नळीचा प्रयोग चालू असताना तिने एकदा हळूच विचारलं होतं, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरवर खरंच साठ माणसं वाजवतात?" पुढच्या रविवारी ती आजोबांना घेऊन आली, आणि आजोबा एक जाडजूड वही घेऊन.

नवजीवन ब्रास बँडमध्ये मास्तर धरून अकरा माणसं होती. वहीतलं गाणं साठ माणसांचं होतं. मास्तरांचे वडील संस्थानच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांच्याकडून मास्तर पाच रेघांची लिपी शिकले होते. त्या रेघांची वही कुठे मिळेना, म्हणून त्यांनी कंगव्याचे पाचच दाते ठेवून बाकीचे तोडले होते. तो कंगवा शाईत बुडवून बावीस वर्षं पानांवर ओढला होता.

"कुणी वाजिवलं न्हाई ह्ये आजवर," पहिल्या दिवशी ते म्हणाले होते. "मीबी ऐकलं न्हाई. ह्ये गानं हाय का माझ्या डोस्क्यातला नुसता नाद हाय, येवढं मला कळू द्या. नाद निघाला तर वही बंबात घालतो आन् मोकळा हुतो."

मी हसले होते. रेश्मा हसली नव्हती. ते फाटकाबाहेर गेल्यावर ती मागे येऊन म्हणाली, "मॅडम, ते खरंच घालतील. एक सूर लागत नव्हता म्हणून त्यांनी त्यांचं पहिलं क्लॅरिनेट विहिरीत टाकलं होतं. आज्जीनं सहा महिने त्या विहिरीचं पाणी भरलं नाही."

वहीची झेरॉक्स माझ्यापाशी होती. पण वही जळाल्यावर ती कुणासाठी ठेवायची होती?

म्हणून त्या रविवारी मी मास्तरांना म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, कोण कुठे बसतं ते."

"सांगून कळतंय व्हय? रेश्मे, जा, समद्यांना बोलीव."

तुळशीच्या लग्नाआधी बँडवाल्यांना काम नसतं. अर्ध्या तासात दहाजण माझ्या अंगणात हजर झाले. मास्तरांनी खडू मागितला आणि फरशीवर मोठा अर्धगोल काढला. त्यांनी हयातभर माणसं ओळीने चालवली होती. ती बसवताना मी त्यांना त्या दिवशी पाहिलं. एकेकाचा दंड धरून ते एकेका खुणेवर उभं करत होते. 

"तू सोळा फिडलं. तू हितं, बासरी. मधू, तू तळातला आवाज, उजवीकडं सरक. बाबालाल, तू आठ ट्रंपेट."

बाबालाल मुल्ला हे बँडचे ट्रंपेटवाले, मास्तरांच्याच वयाचे, त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. "आठ? मी एकटा?"

"लग्नात आठ जणांचं जेवतोस की. मागं जा, न्हाणीच्या भिंतीला."

"चाळीस वर्सं मला फुडं चालीवलंस, शाम्या, आन् आज न्हाणीपाशी?"

"तू फुडं हुतास म्हनून तर माझी क्लॅरनेट कुणाला ऐकू गेली न्हाई!"

सगळं अंगण हसलं. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा राखणाऱ्या काकूही हसल्या. मी मोजपट्टी घेऊन मास्तर जिथे उभे होते तिथपासून प्रत्येक माणसाचं अंतर मोजलं. साठ माणसं मावावीत म्हणून अंगणातलं अंतर मी चारपट करणार होते. आवाजाला एक मीटर जायला तीन सहस्रांश सेकंद लागतात. बाबालालना तितका उशीर द्यायचा, त्यांचा आवाज थोडा मऊ करायचा, आणि सगळ्यांना एकाच छपराखाली बसवायचं. माझी चूक मला पूर्ण कळली होती, असं मला वाटलं.

छप्पर मी यादीतलं सर्वांत नावाजलेलं निवडलं. युरोपातलं एक संगीत सभागृह. तिथे आवाज दोन सेकंद घुमतो. बहुतेक सगळे लोक वाद्यवृंदाला तेच वापरतात.

गुरुवारी दुपारी सगळे पुन्हा आले. खोलीत मावेनात म्हणून चौघे व्हरांड्यात, खिडकीला नाक लावून. मी अठरा मिनिटांचं गाणं सुरू केलं. यावेळी मास्तरांनी थांबवा म्हटलं नाही. तळातून सूर वर चढले, फिडलं आली, आणि सगळ्यांच्या मागून, खरोखर मागून, ट्रंपेट उगवले. बाबालाल उठून उभे राहिले.

गाणं संपल्यावर आधी तेच बोलले. "आयला, शाम्या! ह्ये तू ल्हिलंस? आन् आमास्नी 'मुंगळा'छाप गानी वाजवाय लावतोस व्हय रं?"

सगळे एकदम बोलायला लागले. मास्तर मात्र गुडघ्यावरच्या वहीकडे बघत होते.

"लई ग्वाड हाय," ते अखेर म्हणाले. "बाईंनी लई कष्ट घेतल्यात." आणि वही काखेत घालून उठले.

मी त्यांना दारात गाठलं. "मास्तर, काय चुकलं?"

"चुकलं काय न्हाई."

"सांगा ना."

ते बराच वेळ चपलेत पाय घालत राहिले. "मधल्या जागा कुठं गेल्या?"

"कुठल्या? त्या मोकळ्या?" मला आठवलं. वहीत अकरा ठिकाणी सगळी साठ वाद्यं थांबत होती. चार मात्रांच्या चालीत मध्येच सहा मात्रा रिकाम्या, दीड आवर्तन. कुठल्याच हिशेबात न बसणाऱ्या. अकरापैकी सात जागा पानाच्या शेवटी होत्या. "त्या मला पान उलटण्यासाठी ठेवलेल्या वाटल्या. संगणकाला पान उलटावं लागत नाही, म्हणून मी त्या मिटवल्या."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. वर्गातल्या मुलीने उत्तर चुकवलं तर मी जसं बघते तसं काहीसं.

"बरं केलंत," ते म्हणाले. "असंल तसंच." आणि गेले.

मागून रेश्मा आली. तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, आता ते उद्याच पाणी तापवतील बघा."

त्या संध्याकाळी मी झेरॉक्स जमिनीवर पसरली आणि त्या अकराही जागांवर लाल खूण केली. मग प्रत्येक जागेच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे ते लिहून काढलं. अकराही ठिकाणी आधी सगळा वाद्यवृंद जोरात एकच सूर लावत होता. अकराही ठिकाणी नंतर एकच वाद्य, अगदी हळू, तोच सूर धरून पुढे जात होतं. पान उलटायला सहा मात्रा लागत नाहीत, दोन पुरतात. शिवाय ज्याला पान उलटायचं आहे तो आपल्या सोयीने कधी दोन ठेवेल, कधी चार. इथे अकराही वेळा सहाच.

वहीच्या पहिल्या पानावर गती लिहिली होती: मिनिटाला बहात्तर मात्रा. सहा मात्रा म्हणजे पाच सेकंद.

मी पेन खाली ठेवलं. पाच सेकंद हा आकडा मला ओळखीचा होता, फक्त तो माझ्या ध्वनिशास्त्राच्या वहीत असायचा. मोठ्या बंद जागेत जोराचा आवाज केला तर तो विरायला जो वेळ लागतो, तो आम्ही सेकंदांत मोजतो. माझ्या खोलीत अर्धा सेकंद. चांगल्या सभागृहात दोन. पाच सेकंदांची जागा या माणसाने कुठे ऐकली असेल?

सकाळी साडेसहाला मी त्यांच्या गल्लीत पोचले. रेश्माचं म्हणणं खरं होतं. अंगणात तांब्याचा बंब धुमसत होता, मास्तर बनियनवर उकिडवे बसून ढलप्या सारत होते, आणि वही शेजारी, दगडावर होती. दारात रेश्मा हातात पाण्याची कळशी घेऊन उभी होती. पाणी अंघोळीसाठी नव्हतं हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"या बाई. येवढ्या सकाळी?"

मी धापा टाकत विचारलं, "मास्तर, पाच सेकंद घुमणारी जागा तुम्ही कुठे ऐकलीत?"

त्यांच्या हातातली ढलपी तशीच राहिली.

"कुनी सांगितलं तुमास्नी?"

"वहीनं."

ते रेश्माकडे वळले. "कळशी खाली ठेव गं. बाईंना पाट दे."

मग त्यांनी सांगितलं. ते एकोणतीस वर्षांचे असताना नदीकाठच्या साखर कारखान्याचा पहिला हंगाम होता. बॉयलर पेटवायचा समारंभ, त्याला बँड बोलावलेला. मंत्री यायला उशीर झाला, ऊन चढलं, म्हणून मुकादमाने बँडवाल्यांना नव्या गोदामात बसवलं. साखरेचं गोदाम, पत्र्याचं, माळासारखं लांब, आणि आत एक पोतं नाही.

"क्लॅरनेट गार पडू नये म्हनून म्या एक सूर फुकला. नुसता एक, बाई. आन् थांबलो. तर त्यो थांबंना. पत्र्यावर गेला, कोपऱ्यात गेला, आन् तिथनं माझ्याकडं परत आला." मास्तरांनी बंबाकडे बघत हात पसरले. "वरातीत वाजिवताना सूर जातो त्यो जातोच. रस्त्यावर कुटं भिंत हाय त्याला? म्या आठव्या वर्सापास्नं फुकतोय, माझा एक सूर कधी माघारी आला न्हाई. त्या दिशी पैल्यांदा आला. पोरगी नांदाय जाती आन् पैल्या सणाला माघारी येती, तसा. आपलीच, पर जरा भरल्याली."

बंबातली ढलपी तडकली.

"म्हनून जागा ठेवल्या. आमी साठ जनं वाजिवणार, मग गप बसनार, आन् त्यो वाजिवणार. गोदाम. त्यो एकसष्टावा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? शिकल्याल्या बाईला सांगू का, की ह्या रिकाम्या जागेत छप्पर वाजतंय म्हनून? बाबालालला सांगितलं एकदा. त्यानं मला डागदराकडं न्यायचं काढलं."

"मास्तर, मी एम.एस्सी.ला दोन वर्षं छप्परंच शिकले," मी म्हणाले. "कोट घाला. चला."

गोदामातच जाऊन ऐकायचं रेश्माने सुचवलं, पण तिथे गेल्या हंगामाची पोती थप्पी लावून छताला भिडली होती, आणि पोती आवाज खातात. यादीतूनच शोधायला हवं होतं. माझ्या खोलीत येऊन मी ट्रंपेटचा एक सूर लावला, आणि तो एकेका खोलीत नेऊन मास्तरांना ऐकवायला लागले.

"ही?"

"ही कुटली?"

"जर्मनीतलं दगडी चर्च. सव्वापाच सेकंद."

"थंडी वाजतीया. फुडं."

"ही?"

"ह्येच्यात पानी हाय."

मी नाव वाचलं. बंदिस्त पोहण्याचा तलाव. रेश्मा आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"आन् ह्ये काय? कुनीतरी हंड्यात त्वांड घातलंय."

"बोगदा आहे, आजोबा."

"मग रेल्वे यायच्या आत भाईर काढा मला."

वाद्यवृंदाच्या खोल्या संपल्या. चर्चं संपली. यादीच्या तळाला सिनेमात दारं आपटण्या-बिपटण्यासाठी वापरायच्या जागांचा एक विभाग होता. आठ वर्षांत मी तो कधी उघडला नव्हता. त्यात लिफ्ट होती, तुरुंगाचा बोळ होता, आणि त्याखाली लिहिलं होतं: रिकामं गोदाम, पत्र्याचं छप्पर.

मी तो सूर सोडला.

मास्तरांनी मान तिरकी केली. सूर थांबल्यावर वर कुठेतरी एक बारीक कंप उरला, झिणझिण्या आल्यासारखा, आणि हळूहळू कोपऱ्याकडे सरकत गेला.

"हां," ते म्हणाले. "दार उगडं हाय जरा. पर हां."

गोदाम पावणेसहा सेकंद घुमत होतं. मी ते पाचवर आणलं. मग सवयीने वरच्या कंपनांचा तो झिणझिणता पट्टा कमी करायला लागले. पत्र्याचा आवाज वाद्यवृंदाला शोभत नाही, तो कापायचा असतो, असं सगळी पुस्तकं सांगतात.

"का काडताय त्याला?"

"पत्रा वाजतोय, मास्तर."

"वाजू द्या की! त्यो जन्मभर ऊन खात पडलाय. येकदा तर वाजू द्या."

मी पट्टा होता तिथे नेऊन ठेवला. मग वहीतल्या अकरा जागा, सहा सहा मात्रांच्या, एकेक करून पुन्हा उघडल्या.

रविवारी अकरा वाजता अकराही जण आले. कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळे लाल कोटांत. मास्तर खुर्चीवर बसले नाहीत. स्पीकरांसमोर मधोमध उभे राहिले, हात वर केला आणि मान हलवली. ती खूण मला होती. मी गाणं सुरू केलं.

दोन मिनिटं अकरा सेकंदांनी पहिली जागा आली. साठ वाद्यांनी एकच सूर जोरात लावला आणि सोडला.

आणि छप्पर वाजलं.

बाबालालनी वर बघितलं. माझ्या खोलीला सिमेंटचा स्लॅब होता, साडेनऊ फुटांवर. तरी ते वरच बघत राहिले. व्हरांड्यातल्या चौघांनीही वर बघितलं. सूर पत्र्यावरून पलीकडे गेला, कोपऱ्यात वळला, आणि पातळ होत होत आमच्याकडे परत आला. तो पुरता विझायच्या आत, एका केसाएवढा उरलेला असताना, एका क्लॅरिनेटने तो उचलला आणि पुढे नेला.

"या अल्ला," बाबालाल पुटपुटले. "शाम्या, तू सांगितलं हुतंस रं मला."

मास्तरांनी मागे न बघता डाव्या हाताने त्यांना गप्प केलं. उजवा हात चालूच होता. दुसरी जागा आली, तिसरी आली. चौथ्या जागेला अकराही जण श्वास धरून थांबायला शिकले होते. मधू ढोलवाल्याने डोळे मिटले होते आणि तो रिकाम्या मात्रा बोटांवर मोजत होता. सहाव्या बोटापाठोपाठ क्लॅरिनेट आलं की दर वेळी त्याच्या ओठांवर हसू फुटायचं. मी आवाजाच्या मीटरवरचे आकडे बघायचं ठरवलं होतं. एकही आकडा मला आठवत नाही.

शेवटचा सूर मास्तरांनी हातानेच तोडला. गोदाम पाच सेकंद वाजत राहिलं. ते संपल्यावरही त्यांचा हात वरच होता. गल्लीतून भंगारवाल्याची हाक आली, गेली.

मग त्यांनी हात खाली आणला, कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि दोन स्पीकरांकडे बघून, अंगणात आपल्या माणसांना सांगावं तसं, समाधानाने म्हणाले,

"दम घ्या रं समदी. झ्याक वाजिवलंसा."

मागे वळून त्यांनी रेश्माला हाक मारली. "पोरी, चा टाकाय लाग बाईंबरोबर. मानसं दमल्यात."

रेश्माने खोलीत आणि व्हरांड्यात बोट फिरवून मोजलं. "आपण तेरा."

"तेरा कसं? आन् ही साठ?"

बाबालालनी तोंड उघडलं. मास्तरांकडे बघितलं, स्पीकरांकडे बघितलं, आणि मिटलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "माझं आठ जन हैत त्यात. त्यास्नी साखर जादा."

"त्र्याहत्तर," रेश्मा म्हणाली.

मी स्वयंपाकघरात जाऊन सर्वांत मोठं पातेलं खाली काढलं.